लाल रंग संपतो तिथे तांबं?

गेले दोन-तीन वीकएंड एक खूळ डोक्यात आहे. जमिनीखाली मॅग्मा घुसला की आजूबाजूचा खडक किती आणि किती काळ तापतो, याचा छोटा प्रोग्राम लिहितोय. (लग्न झालेलं नाही, त्यामुळे वेळ असतो!)

गणित सोपं वाटलं. उष्णता नुसती खडकातून झिरपत गेली तर एक किलोमीटरला सुमारे 30,000 वर्षं. अंतर दुप्पट, तर वेळ चौपट. स्क्रीनवर लाल-पिवळा-निळा झकास नकाशा आला. ऑफिसातला मित्र बघून म्हणाला, "सही! लाल संपतो तिथे ड्रिल मारायचं, तांबं हजर. जिऑलॉजिस्ट हवाय कशाला?"

इथेच माझं डोकं फिरतं.

अरे बाबा, खडकातून पाणी किती सहज पाझरतं, त्या पारगम्यतेचा आकडा मी अंदाजाने टाकलाय. साधारण 10⁻¹⁶ चौरस मीटरच्या खाली उष्णता मुख्यतः खडकातून जाते, वर गेलं की फिरणारं पाणी ती वाहून नेतं. मी घातांक दोनने बदलला आणि नकाशा पार बदलला. बरं, हा आकडा स्थिरही नसतो. झुरिकच्या ईटीएचमधल्या वाइस, ड्रीस्नर आणि हाइनरिख यांनी 2012 मध्ये दाखवलं, की मॅग्मातून सुटणारं पाणी दाबाने खडक फोडतं आणि स्वतःची वाट स्वतःच करतं. शिवाय मॅग्मात तांबं, गंधक आणि पाणी पुरेसं नसेल तर नुसत्या उष्णतेने काय होणार? गरम दगड!

आता अ‍ॅरिझोनातलं सॅन मॅन्युएल बघा. डेव्हिड लोवेल यांनी ड्रिलचे नमुने तपासले. गरम पाण्याने बदललेल्या खनिजांची वलयं असतात: मधे पोटॅशियमवाली, मग सेरिसाइट, बाहेर हिरवट क्लोराइट-एपिडोट. इथली वलयं अर्धीच होती. म्हणजे उरलेला अर्धा भाग भ्रंशावरून घसरला असणार! 1965 मध्ये तिथे ड्रिल केलं आणि कॅलामझूचा साठा सापडला. ती वलयं म्हणजे जुन्या तापमानाची खडकातच राहिलेली नोंद. ती वाचायला माणूस लागला.

तुम्ही म्हणाल, मग मॉडेल कशाला? हवंच. पण "कुठे आहे" यापेक्षा "कुठे असणं अवघड आहे" हे त्याला विचारा. आणि एकच नकाशा देऊ नका. पारगम्यता बदलून पन्नास द्या, सगळ्यांत टिकतं तेवढंच बोला. कुणीतरी त्या रंगांवर भरवसा ठेवून खोल ड्रिलिंगचा खर्च करणार असतो, आणि भोक कोरडं निघालं की शिव्या खातो साइटवरचा माणूस. आपण तोवर पुढच्या प्रोजेक्टवर गेलेलो असतो.

असो. मी माझ्या नकाशावर आता मोठ्या अक्षरात लिहिलंय: "पारगम्यता - अंदाजे".

रंग मात्र तेच ठेवलेत. छान दिसतात हो!