पुडीवरचा गाल आणि आपला गाल

लग्नसराई लागली की दातांच्या दवाखान्यांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो स्टेटसवर झळकू लागतात. या आठवड्यातही तेच. डावीकडे पिवळे दात, उजवीकडे ट्यूबलाइट, खाली डॉक्टरांचं नाव आणि मोबाइल नंबर. दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेला जाहिरातीचं वावडं आहे; पण ती वाचतो कोण?  

तीर्थपुरीत डॉक्टरच्या कॅमेऱ्याला याहून मोठं काम आहे. घनसावंगी तालुक्यातला हा उसाचा पट्टा. फडात तंबाखू-चुन्याची डबी हातोहात फिरते, घरात तव्यावर मिश्री भाजली जाते आणि २०१२ पासून बंदी असलेला गुटखा कुठे मिळतो हे शाळकरी पोरही सांगेल.

सरकारनेही भिस्त फोटोवरच ठेवली. ३१ मे २००९ पासून तंबाखूच्या पुड्यांवर चित्र आलं ते विंचवाचं! शेतात विंचू चपलेखाली चिरडणाऱ्या माणसाला त्याची काय मातब्बरी? डिसेंबर २०११ मध्ये कर्करोगाने सडलेली तोंडं आली, २०१६ पासून चित्र आणि इशारा मिळून पुडीचा ८५ टक्के भाग गेला. तरी गिऱ्हाईक पुडी फाडतंच, कारण ते तोंड दुसऱ्या कुणाचं तरी असतं. मिश्रीच्या डबीवर तर कसलंच चित्र नाही.

स्वतःच्या गालाआत तंबाखूने पडलेला पांढरा चट्टा मात्र माणसाला एरवी दिसतच नाही. डॉक्टरने गाल बाजूला ओढला, वाफ धरू नये म्हणून आरसा कोमट पाण्यात बुडवून घेतला, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला, की पहिला प्रश्न येतो, ‘हा माझाच का?’ सहा महिन्यांनी त्याच कोनातून, तशाच उजेडात दुसरा फोटो काढला की चट्टा वाढला का आटला, यावर हुज्जत उरत नाही. सुपारी-गुटख्याने तोंड उघडेनासं होतं तेव्हा वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून फोटोसोबत नोंदवता येतं. फोटोवरून कॅन्सर ठरत नाही, त्यासाठी तुकडाच तपासावा लागतो. पण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कुणाला तातडीने धाडायचं, हे ठरवायला फोटो उपयोगी पडतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या पथकाने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली; निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले. तेव्हा खिशात कॅमेरा नव्हता. आज आहे, आणि तो नवरदेवाचे दात टिपण्यात गुंग आहे. त्यातही चेहरा खुलवणारं सेटिंग चालू राहिलं, तर चट्टा फोनच पुसून टाकतो.

राहिली फोटोसाठी रुग्णाची परवानगी. २०१२ च्या सुरुवातीला आपल्याकडच्या सिगारेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यातला अंधुक चेहरा इंग्लंडचा फुटबॉलपटू जॉन टेरीसारखा दिसतो म्हणून केवढा गवगवा झाला, वकिलांची भाषा झाली. टेरीला वकील परवडतात. तीर्थपुरीच्या नवरदेवाचे पिवळे दात स्टेटसवरून गावभर फिरतात आणि इथे माणूस ओळखायला चेहरा दिसावा लागत नाही.