कुंभारणीची मजुरी

शेतात कुणी दिवसभर राबलं की संध्याकाळी आपण त्याची मजुरी देतो. कुंभारणीची मजुरी मात्र आजवर कुणी धरली नाही. उलट दिवाळीला रंग द्यायचा म्हणून तिची घरं उलथण्यानं खरवडायची आणि रानात तिच्या अंगावर फवारा मारायचा, ही आपली रीत.

कुंभारीण म्हंजे ती बारीक कमरेची माशी. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि भिंतीला, चौकटीला, नाहीतर काटकीवर मडकं घडवते. शास्त्रात तिच्या एका कुळीला युमेनिस म्हणतात. हे नाव १८०२ सालापासूनचं.

कीर्तनात तिचा दृष्टांत ऐकला नाही असा माणूस आमच्या खेड्यात सापडायचा नाही. ती अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीनं तिचंच ध्यान करते आणि कुंभारीण होऊन बाहेर पडते. देवाचं ध्यान शिकवायला दृष्टांत चांगलाच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तोच खरा धरून भिंतीकडं न बघणाऱ्यांशी. अळीची कधी कुंभारीण होत नसते. अळी ही शिदोरी असते. युमेनिसची मादी मडक्याच्या आत बारीक धाग्यानं एक अंडं टांगते. मग अळ्या धरून आणते, डंख मारून लुळ्या करते, पण जीव घेत नाही. मेलेली अळी सडेल ना! तोंड लिंपून ती निघून जाते. पोर ती ताजी शिदोरी खातं, वाढतं आणि माती कोरून बाहेर येतं. फ्रान्समधल्या फाब्र मास्तरांनी ते टांगतं अंडं शंभर वर्षांपूर्वीच बघून लिहून ठेवलं. आपण मात्र तिला ध्यानाला बसवलं, म्हणून ती आपल्या रानातल्या अळ्या वेचते हे ध्यानातच आलं नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा माशीनं काय पीक वाचतंय? एकटीनं नाहीच वाचत. बोंडात शिरलेली गुलाबी अळी तिच्या हाती लागत नाही, हे मलाही कळतं. पण पानावरची अळी ती उचलते, आणि त्याचे पैसे मागत नाही. फवारा दोघींनाही मारतो. अळीचा पतंग शेकड्यानं अंडी घालतो, कुंभारीण एका खोलीत एकच. मग आधी कोण माघारी येणार, सांगा बरं?

आणि त्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले. माणसाला जे सोडत नाही, ते माशीला काय सोडणार?

फवारूच नका, असं मी म्हणत नाही. आधी पीक बघा, अळ्या मोजा, मगच पंप उचला. बांध पेटवू नका, तणनाशकानं जाळू नका. शहरातल्या भावांनो, बहिणींनो, ती एकटी राहणारी माशी आहे. हातात धरून दाबली नाही तर सहसा चावत नाही. मडक्याला भोक पडलं की पोर उडालं समजा, मग खुशाल खरवडा. तोवर भिंत थोडी डागाळलेली राहू द्या. तिची मजुरी तेवढीच आहे: जरा ओली माती आणि भिंतीवर वीतभर जागा.