उल्मला गाडी बदलून

भाचा स्टुटगार्टला शिकतो, त्याचा शाळेतला दोस्त म्युनिकला. जर्मनीत मे २०२३पासून महिन्याचा एकच पास देशभर चालतो; सुरुवातीला ४९ युरोंना होता, २०२५मध्ये ५८ झाला. फक्त आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत तो चालत नाही. म्हणून पठ्ठ्या शनिवारी पहाटे साध्या गाडीत बसतो आणि उल्मला दुसरी पकडतो. तिथल्या चर्चचा १६१ मीटर उंच मनोरा दर खेपेला दिसतो. आत जायला मात्र साहेबांना सवड नाही! डब्यात मेतकूट, दोस्ताकडे कुकर. रविवारी तिकडे बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे सामान शनिवारीच भरायचं. गेल्या खेपेला गप्पांच्या नादात दोघे विसरले. रविवारचे पोहे बिनकोथिंबिरीचे झाले.