परतीच्या चिठ्ठ्या आणि डीबगरचा संशय

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघालेला माणूस फाउंटन हॉटेलपाशी महामार्गाला लागतो, काशीमीरा नाक्यावर उजवीकडे वळतो आणि गोल्डन नेस्टला पोचतो. तिथे त्याला भोवळ आली आणि कुठून आलो हेच आठवेना, तर? खिशात चिठ्ठ्या असतील तर प्रश्न सुटतो. सगळ्यात वरची म्हणते ‘काशीमीरा नाक्यावर परत’, तिच्याखालची ‘मग फाउंटन’, शेवटची ‘मग ठाणे’.

संगणकाचा प्रोग्रामही अशाच चिठ्ठ्या बाळगतो. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा परतीचा पत्ता ‘स्टॅक’ या स्मृतीतल्या जागेवर ठेवला जातो. प्रोग्राम कोसळला की डीबगर हे पत्ते उलट क्रमाने वाचतो आणि कोणी कोणाला बोलावलं होतं ते सांगतो.

अडचण अशी, की प्रोग्राम अनेकदा कोसळतो तोच चिठ्ठ्या खराब झाल्यामुळे. ठरलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर ओतला की शेजारचा परतीचा पत्ता पुसला जातो. 1988 साली मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रामने ‘फिंगर’ सेवेत नेमकं हेच केलं: 512 बाइटांच्या जागेत त्याहून लांब मजकूर घुसवला आणि परतीच्या पत्त्यावर स्वतःला हवा तो पत्ता लिहिला. मग डीबगरने विश्वास ठेवायचा कशावर?

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये सुरू केलेला जीडीबी हा डीबगर याबाबत चांगलाच संशयी आहे. मागे जाताना तो प्रोग्राम चालवत नाही, फक्त त्याची स्मृती वाचतो. पत्ता वाचता येत नसेल तर तिथेच थांबतो, स्वतः कोसळत नाही. मागची फ्रेम (स्टॅकवरचा एकेका फंक्शनचा भाग) आणि आताची फ्रेम एकच निघाली, म्हणजे काशीमीऱ्याच्या चिठ्ठीवर पुन्हा काशीमीराच लिहिलेलं असलं, की गोल गोल फिरण्याऐवजी तो शोध आवरतो. मागे जायचं सोडून चिठ्ठी उलट्या दिशेला पाठवत असेल तरीही तसंच. स्टॅक बिघडला असावा, असं तो सांगतो. आणि त्या संदेशात प्रश्नचिन्ह असतं. इतका प्रामाणिक संदेश सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच वाचायला मिळतो.

पण डीबगर कितीही सावध असला तरी माग ठेवायचा की नाही, हे ठरवतो कंपायलर. प्रत्येक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमचा पत्ता ठेवण्याची जुनी शिस्त होती. चालू फ्रेमचा पत्ता धरणारा तो फ्रेम पॉइंटर. त्यापायी प्रोसेसरचं एक रजिस्टर अडकून पडतं, म्हणून वेगासाठी जीसीसी हा कंपायलर तो सहसा गाळतो. बदल्यात ‘ड्वार्फ’ पद्धतीचे तक्ते लिहून ठेवतो: अमुक आज्ञेपाशी असताना परतीचा पत्ता इतक्या बाइटांवर. तेही नसतील तर जीडीबी फंक्शनच्या सुरुवातीच्या आज्ञा वाचून अंदाज बांधतो. अंदाज चुकूही शकतो.

तक्ते वाचायला वेळ लागतो. चालत्या प्रोग्रामचा वेग मोजणाऱ्या साधनांना सेकंदात शेकडो वेळा मागे जावं लागतं, तिथे हा खर्च जाचतो. म्हणून लिनक्सच्या वितरणांपैकी 2023च्या फेडोरा 38 मध्ये फ्रेम पॉइंटर परत आले, 2024च्या उबुंटू 24.04 मध्येही आले. फेडोरात यावर चांगलंच भांडण झालं होतं. फ्रेम पॉइंटरमुळे लिनक्स कर्नल बांधायला सुमारे 2.4 टक्के जास्त वेळ लागत होता. तरीही निर्णय योग्यच झाला. दुखणं कुठे आहे हे कळत नसेल, तर त्या दोन-अडीच टक्क्यांच्या वेगाचं करायचं काय?

हा विषय परका नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने या कंपायलरचं अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आहेत. ते लोण साध्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेपर्यंत मात्र फारसं पोचलं नाही. तिथे अजून ‘इथे आलो’, ‘तिथे आलो’ असं छापत चूक शोधली जाते.

जीडीबी फुकट मिळतो. प्राध्यापकांनी दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मुद्दाम स्टॅक बिघडवलेला एक छोटा प्रोग्राम द्यावा, मुलांना जीडीबीत ‘बीटी’ (बॅकट्रेस) ही मागचा माग दाखवणारी आज्ञा देऊ द्यावी, आणि कितव्या फ्रेमपासून पुढचं खरं मानायचं नाही, का मानायचं नाही, एवढ्याच उत्तराला गुण द्यावेत.