उचलणे वेगळे, पेलणे वेगळे

विद्यार्थी मित्रांनो, पास्कलचा नियम तुम्ही पाठ केलाच असेल. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) याने दाखवून दिले. याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली घेतले. मोटार उचलणारा तेलाचा जॅक हा त्या यंत्राचाच धाकटा भाऊ. परीक्षेत यावर हमखास उदाहरण येते. लहान दट्ट्यावर थोडे बल लावले, मोठ्या दट्ट्यावरची गाडी वर गेली, उत्तर आले, गुण मिळाले!

माझे म्हणणे असे की, हे उदाहरण आपण अर्ध्यावरच सोडतो. गाडी वर गेली, पण ती वर राहणार कशाच्या जोरावर? हा प्रश्न वर्गात विचारला जात नाही. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी घरासमोर गाडी जॅकवर चढवून, तेल बदलायला किंवा सायलेन्सर बघायला बिनधास्त तिच्याखाली शिरणारी शिकलेली माणसे दिसतात.

आता उरलेले अर्धे उदाहरण सोडवून पाहू. समजा, जॅकवर ४०० किलोग्रॅम भार आला आहे आणि मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे आतल्या तेलावर दर चौरस सेंटिमीटरला ४० किलोग्रॅम दाब आला. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारण २ किलोग्रॅम असतो. त्याच्या वीसपट हा दाब झाला! एवढा दाब अडवून कोण धरते? दट्ट्याभोवतीचे एक लहानसे सील आणि एक झडप. सील झिजले किंवा झडपेत कचऱ्याचा कण अडकला की तेल परत टाकीत उतरू लागते. १० घन सेंटिमीटर, म्हणजे चहाचे दोन चमचे तेल उतरले की गाडी एक सेंटिमीटर खाली येते. सील एकदम फाटले, तर सेंटिमीटर मोजायला कोणी उरत नाही.

कोणी म्हणेल, आमच्या गाडीबरोबर मिळालेला जॅक स्क्रूचा आहे, त्यात तेलच नाही. खरे आहे. स्क्रूच्या आट्यांमधील घर्षणामुळे तो आपोआप उलटा फिरत नाही. पण त्याचा तळ अरुंद असतो. जॅकची उंची ४० सेंटिमीटर, तळाची रुंदी १० सेंटिमीटर आणि वरचा भार ३०० किलोग्रॅम धरा. भार तळाच्या मध्यावर आहे, म्हणजे कडेपासून ५ सेंटिमीटरवर. परिबलाचा हिशेब केला तर ३०० × ५ ÷ ४० = ३७.५ किलोग्रॅम. जमिनीवरची चाके अडवलेली नसतील, तर एवढ्या आडव्या बलाने जॅक कलंडू शकतो. गंजलेला नट सोडवताना माणूस पान्यावर एवढा जोर सहज लावतो.

‘हँडब्रेक ओढला आहे की!’ हे उत्तरही तपासून पाहा. बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. मागची बाजू उचलली की ब्रेक लागलेली चाके हवेत आणि मोकळी चाके जमिनीवर! गाडी गिअरमध्ये ठेवली तरी पूर्ण भरवसा नाही. इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या दोन चाकांपैकी एक उचलले, तर डिफरन्शियलमुळे ते हवेत उलटे फिरते आणि जमिनीवरचे दुसरे चाक घरंगळू शकते.

गाडी सुटलीच तर पटकन बाहेर येऊ, असेही काहींना वाटते. ३० सेंटिमीटर खाली पडायला सुमारे पाव सेकंद पुरतो. धोका मेंदूला कळून स्नायू हलायला लागेपर्यंत जवळजवळ तेवढाच वेळ जातो. छातीवर भार आला की फासळ्या फुलू शकत नाहीत. मग हाड मोडले नाही, तरी श्वास कोंडून माणूस काही मिनिटांत दगावतो.

मग गाडीखाली कधी जाऊच नये का? तसे नाही. जॅकने उचलावे आणि दुसऱ्या कशाने तरी पेलावे, एवढाच नियम आहे. ‘दुसरे काही’ म्हणजे रुंद पायांचे लोखंडी स्टँड. त्यात तेल नसते, सील नसते. जाड खीळ किंवा दाते भार धरतात. विटांची चवड हा त्याला पर्याय नव्हे. वीट सारखा पसरलेला दाब सोसते, पण गाडीची लोखंडी कड एकाच रेषेत टेकली की तिला तडा जातो, आणि ठिसूळ पदार्थ तुटण्याआधी सूचना देत नाहीत. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचेही तेच.

कामाचा क्रम असा ठेवावा. जागा सपाट आणि टणक हवी. उतार नको, माती नको, उन्हाने मऊ झालेले डांबरही नको. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून पाचर लावावी. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक आणि स्टँड टेकवावेत. गाडी स्टँडवर उतरवल्यावर, बाहेर उभे राहूनच तिला हाताने हलवून पाहावे. काढलेले चाक किंवा स्टेपनी गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी. सगळे फसले तरी तेवढी जागा उरते. जवळ कोणी मोठे माणूस असावे आणि मदतीसाठी ११२ हा क्रमांक त्याला माहीत असावा.

आता नेहमीचा आक्षेप. ‘आमचा मिस्त्री वीस वर्षे नुसत्या जॅकवर काम करतो, त्याला काही झाले नाही.’ विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे उत्तर पटू नये. सील शंभर वेळा टिकले, यावरून ते एकशेएकाव्या वेळी टिकेल असे सिद्ध होत नाही. उलट ते शंभर वेळा झिजले एवढे मात्र नक्की. स्टँडला पैसे पडतात हेही खरे. स्टँड नसतील तर गाडीखाली जाऊ नये, काम गॅरेजवर सोपवावे. पंक्चर झालेले चाक बदलायला गाडीखाली शिरावे लागत नाही. त्यासाठीच तर तो जॅक गाडीबरोबर दिलेला असतो.

शिक्षकांना एक विनंती. पास्कलच्या नियमाचे गणित फळ्यावर सुटले की एक प्रश्न आणखी विचारा: ‘तेल गळले तर काय होईल?’ यंत्र कसे चालते याबरोबरच ते कसे बंद पडते हे शिकवले, तर विज्ञान वहीतून बाहेर पडून घराच्या अंगणापर्यंत पोहोचेल.

आणि मित्रांनो, तुम्ही स्वतः गाडीखाली जाऊ नका. पण बाबा, काका किंवा दादा जाताना दिसले, तर आधी विचारा, ‘स्टँड लावलेत का?’ लहान तोंडी मोठा घास वाटला तरी चालेल. नियम तुम्ही शिकला आहात, तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुमचाच आहे.