‘फोरसीएबल फ्युचर’ आणि आपलं इन्शाअल्लाह

इंग्रजीतला ‘फ्युचर’ सहसा सोबती घेऊनच येतो. कधी ‘ब्राइट’, कधी ‘सिक्युअर’, कधी ‘अनसर्टन’. ‘नियर फ्युचर’ चालतं, ‘क्लोज फ्युचर’ कानाला खटकतं. का, याला फारसं उत्तर नाही. आपणही ‘नजीकचा काळ’ म्हणतो, ‘शेजारचा काळ’ म्हणत नाही. वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवताना मी या जोड्या सरळ पाठ करून घेतो.

एका जोडीत तर नुसत्या ‘द’ने अर्थ बदलतो. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘इन फ्युचर’ म्हणजे यापुढे, आणि ‘इन द फ्युचर’ म्हणजे पुढे कधीतरी. उशिरा आल्याच्या माफीपत्रात ‘इन द फ्युचर मी वेळेवर येईन’ असं लिहिलं, तर साहेब विचारणारच, म्हणजे नक्की कधी?

हे शिकवून होतं. अडतं ते मुलाखतीच्या तयारीत. पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, असं विचारलं की मुलं सवयीने ‘इन्शाअल्लाह’ म्हणतात आणि लगेच जीभ चावतात. हा शब्द म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं. मला ते साफ नामंजूर आहे.

‘फोरसीएबल फ्युचर’ हेच पाहा. नजर पोहोचेल तेवढंच भविष्य. त्यापलीकडचं आम्हाला दिसत नाही, ही कबुली त्या जोडीतच आहे. कंपनीचा धंदा पुढे चालू राहील हे गृहीतक मांडताना हिशेबाच्या मानकांतही हेच शब्द येतात. तिथे कुणी आत्मविश्वास मोजत नाही. जुन्या इंग्रजी पत्रांत बेत कळवताना ‘डी. व्ही.’ लिहीत, म्हणजे लॅटिन ‘देओ वोलेन्ते’, देवाची इच्छा असेल तर. आणि ज्या ‘विल’ने इंग्रजी भविष्यकाळ चालतो, त्याचा मूळ अर्थही इच्छा असाच आहे.

सूरह अल-कहफमध्ये (18:23-24) सांगितलंय की, ‘उद्या मी हे करीन’ असं म्हणताना ‘अल्लाहने इच्छिलं तर’ हे जोडावं. यात ‘करीन’ रद्द होत नाही. करणारा आधी ठरवतो, मग ते म्हणतो. पण आपण काय केलंय? उधारी मागायला आलेल्याला ‘इन्शाअल्लाह, उद्या’. मिस्त्रीचं ‘इन्शाअल्लाह’ ऐकलं की आपण दुसरा मिस्त्री शोधायला लागतो. शब्दाची ही बदनामी इंग्रजीवाल्यांनी केलेली नाही, ती घरचीच आहे.

म्हणून मुलांना सांगतो, आधी महिना सांगा. ‘बाय नेक्स्ट मार्च’ माझा डिप्लोमा पूर्ण होईल, त्यानंतर दोन वर्षं साइटवर काम, मग सुपरवायझर. हे सगळं नीट सांगा आणि मग खुशाल इन्शाअल्लाह म्हणा, तेही मोठ्याने.