डाव्या कोपऱ्याचा अंदाज

खेळाडूंच्या लिलावाआधी आपला संघ कोणाला घेईल याचा अंदाज बांधत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या शाहपूरमध्ये मला तोंडावर ऐकवलं जातं. ऐकवणारे परके नाहीत. एक निवृत्त गुरुजी आहेत, ज्यांच्या हाताखाली मी बाराखडी गिरवली. दुसरे माझे सख्खे काका. दोघांचं म्हणणं इतकी वर्षं मी मान खाली घालून ऐकलं. आता उत्तर द्यायचं ठरवलं आहे, कारण हा आक्षेप माझ्या एकट्यावरचा नाही. दिवसभर केळीच्या बागेत राबून, संध्याकाळी हातपाय धुऊन प्रो कबड्डी बघायला बसणाऱ्या गावातल्या सगळ्या पोरांना तो लागतो.

आधी त्यांची बाजू पुरती मांडतो. काका म्हणतात, तुमचे दहातले सात अंदाज चुकतात, मग त्याला अभ्यास कशाला म्हणायचं? गुरुजींचं म्हणणं अधिक खोल आहे. अंदाज आणि आकडा ही सख्खी भावंडं, आज वहीत नाव लिहिणारा उद्या त्या नावावर पैसे लावणार. त्यापुढे ते विचारतात, माणसांचा लिलाव होतो आणि तुम्ही तो चवीनं बघता, याची तुम्हाला लाज कशी वाटत नाही? आणि तिसराच एक प्रश्न, जो इंदूरकडे नोकरी करून आलेले सगळे विचारतात: तुम्ही मध्य प्रदेशचे, पुणेरी पलटण तुमची कुठून झाली?

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत कच्चा आहे. प्रो कबड्डीत मध्य प्रदेशचा संघ नाही. बारा संघांत भोपाळ नाही, इंदूर नाही. आमच्या घरात मराठी बोलली जाते, आमच्या मुली रावेर-मुक्ताईनगरकडे दिलेल्या असतात, लग्नाचा बस्ता जळगावहून येतो. बुऱ्हाणपूर हा वेगळा जिल्हा २००३ साली झाला, त्याआधी आम्ही खंडव्यात होतो. आणि १९५६ पर्यंत या साऱ्या मुलखाची राजधानी नागपूर होती. माझ्या आजोबांचा सरकारदरबार नागपूरला होता. राज्याची रेघ बदलली म्हणून कोणाच्या चढाईवर आमचं काळीज धडधडावं हे कसं बदलेल? जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशनं मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्या संघाचे प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित होते. त्या दिवशी शाहपूरमध्ये आनंदच झाला. दोन्हीकडून आनंद घेण्याचा हक्क सीमेवरच्या माणसाला असतो आणि तो त्यानं सोडू नये.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. दहातले सात चुकतात, हे खरं आहे. पण अंदाज कशाचा करायचा हे ज्याला कळलं नाही, त्याचेच सात चुकतात. बहुतेक जण नावाचा अंदाज करतात. गेल्या हंगामात कोण गाजला, कोणाची छबी फलकावर झळकली, त्याचं नाव लिहून टाकतात. तो अंदाज मीही निरर्थक मानतो. खरा अंदाज मैदानावरच्या जागेचा असतो.

माझ्या वहीतलं एक पान दाखवतो. तारीख ८ ऑक्टोबर २०२३, दुसऱ्या दिवसापासून मुंबईत दहाव्या हंगामाचा लिलाव होता. पानावर चार रकाने आहेत: जागा, गेल्या वर्षी कोण, आता कोण उरलं, पैसे किती. नवव्या हंगामात पुणेरी पलटणचा डावा कोपरा फझल अत्राचली सांभाळत होता. इराणचा हा खेळाडू त्या वर्षी १ कोटी ३८ लाखांना घेतला होता आणि संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ असा हरला. त्यानंतर पलटणनं फझलला सोडलं. म्हणजे माझ्या तक्त्यात सगळ्यांत मोठं भोक डाव्या कोपऱ्यात पडलं. उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री होता, मध्यरक्षकांत अभिनेश नादराजन आणि संकेत सावंत होते. चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. यांतले बरेच जण पलटणच्या स्वतःच्या युवा पलटणमधून घडून आलेले, बाजारातून चढ्या भावानं आणलेले नव्हेत.

म्हणून चौथा रकाना महत्त्वाचा ठरला. संघाला खर्चायला ५ कोटींची मर्यादा होती. चढाईवर इतर संघ ओततात तसे पैसे पुण्याला ओतायचे नव्हते, कारण चढाईपटू घरच्या रोपवाटिकेत तयार झाले होते. याचा अर्थ ती शिल्लक एका डाव्या कोपऱ्यासाठी मोकळी होती. मी लिहिलं: पुणे डाव्या कोपऱ्यासाठी तिजोरी उघडणार. आणि त्यापुढे नाव लिहिलं: फझलला परत आणणार.

फझल १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला. पुण्यानं मोहम्मदरझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तोही इराणचा, तोही डावा कोपरारक्षक. माझं नाव चुकलं. पण जागा बरोबर होती, पैशांचा हिशेब बरोबर होता, आणि का हे मी आदल्या रात्री लिहून ठेवलं होतं. पाच कोटींतली जवळजवळ निम्मी रक्कम एका पकडीवर खर्चणारा संघ वेडा ठरतो की शहाणा, हे १ मार्च २०२४ ला हैदराबादला कळलं. पुणेरी पलटणनं हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. शादलूनं त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले, साऱ्या बचावपटूंत सर्वाधिक. कर्णधार अस्लम इनामदार होता, अहिल्यानगर जिल्ह्यातला पोरगा. त्या रात्री आमच्या चौकात फटाके वाजले.

काकांना मी विचारतो, तुम्ही बागेत काय करता? रोपाची पानं मोजून निसवण कधी होईल, म्हणजे घड कधी बाहेर पडेल, हे तुम्ही सांगता. निसवणीपासून घड कधी उतरेल, तेव्हा बाजारात नवती (नव्या लागवडीची केळी) जास्त असेल की पिलबाग (पिलांवर घेतलेलं पीक), व्यापारी कुठल्या भावावर अडेल, याचा अंदाज तुम्ही सहा-सहा महिने आधी करता आणि त्यावर खत-पाण्याचं कर्ज उचलता. वैशाखात एक वादळ येतं आणि सगळी खोडं आडवी होतात. त्या संध्याकाळी तुम्हाला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. म्हणूही नये. वादळ तुमच्या हातात नव्हतं, पानं मोजणं तुमच्या हातात होतं.

पूर्णवेळ पगार घेणारे प्रशिक्षक आणि संघमालकही चुकतातच की. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजनं पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं, तेव्हापर्यंतची सर्वांत मोठी बोली. हंगामातल्या संघाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला इजा झाली आणि तो पूर्ण हंगाम बाहेर बसला. सगळे म्हणाले, संघ संपला. त्याच संघानं त्या वर्षी पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. गाठून दिली ती नरेंदरनं. हा नवोदित मुलगा लिलावातून आलेलाच नव्हता, आणि त्यानं चढाईचे २४३ गुण घेतले. त्या वर्षी माझ्या वहीत त्याचं नाव कुठेच नव्हतं. तेव्हा माझी पद्धत अपुरी होती, हे मी मान्य केलं आणि पुढच्या वर्षापासून नवोदितांसाठी वेगळं पान सुरू केलं. चूक दाखवणारी घटना घडली की पद्धत बदलायची, याला अभ्यास म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई आठवतो. २०१८ साली यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि त्यानं चढाईचे २१८ गुण काढले. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले, त्या वर्षीची सर्वोच्च बोली. भाव बहुधा कालच्या खेळाचा लागतो, उद्याच्या नाही. हे ज्यानं एकदा पाहिलं तो नंतर नुसत्या आकड्यानं दिपत नाही. आमच्याच मध्य प्रदेशचा रजत पाटीदार २०२२ च्या आयपीएल लिलावात कोणीच घेतला नव्हता. एका जखमी खेळाडूच्या जागी बंगळुरूनं त्याला बोलावलं आणि २५ मे २०२२ ला कोलकात्यात बाद फेरीच्या सामन्यात त्यानं नाबाद ११२ धावा काढल्या. तीन वर्षांनी त्याच संघाचा कर्णधार म्हणून त्यानं चषक उचलला.

अमेरिकेत हाच प्रकार लिलावाशिवाय चालतो. तिथल्या फुटबॉलमध्ये गेल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेला संघ आधी खेळाडू निवडतो, मग त्याच्या वरचा. १९३६ साली पहिल्यांदा अशी निवड झाली तेव्हा सर्वांत आधी घेतलेला जे बर्वांगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. आणि २००० साली १९९ वा निवडलेला टॉम ब्रॅडी सात वेळा विजेता ठरला. तिथे निवडीच्या महिनोन्महिने आधी लाखो चाहते याद्या करतात, वाद घालतात, आणि नव्वद वर्षांच्या अशा चुकांनंतरही करतात. कोणता संघ कुठे कमकुवत आहे, याचं ज्ञान तिथल्या सामान्य प्रेक्षकाकडेही असतं. आपल्या पोरांकडे ते का नसावं?

गुरुजींचा आकड्याचा मुद्दा मात्र मी हलका करणार नाही. आमच्याच कट्ट्यावरचा एक मुलगा मोबाईलवर पैसे लावता लावता केळीच्या पेमेंटचे पैसे हरला आणि घरी दोन महिने बोलला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. पण तो मुलगा अंदाज करत नव्हता, हे मी जवळून पाहिलं आहे. त्याला का विचारलं तर तो म्हणायचा, वाटतंय. कधी कधी तेही सांगत नसे. पैसा लागला की कारण शोधायची गरज संपते, फक्त निकाल हवा असतो. आमच्या वहीचा नियम उलटा आहे. कारण लिहिलं नाही तर नाव लिहायचं नाही. पेनानं लिहायचं, तारीख घालायची, पान फाडायचं नाही. त्या मुलाला आम्ही वहीजवळ बसवलं तेव्हा पहिल्या वर्षी त्याला एकाही नावापुढे कारण लिहिता आलं नाही. दुसऱ्या वर्षी त्यानं दोन लिहिली. आकड्याच्या नादाला लागलेल्या पोराला त्यातून ओढायचं तर अंदाज बंद करून काय मिळेल? अंदाज नीट करायला शिकवावा लागेल.

माणसांच्या लिलावाची लाज ही गुरुजींची टोचणी खरी आहे आणि ती माझ्याही मनात आहे. बुऱ्हाणपूरच्या मंडीत केळीची गाडी लागते, बोली सुरू होते, तोच शब्द माणसाला लावलेला ऐकवत नाही. कुठल्या शहरासाठी खेळायचं हे खेळाडूनं ठरवायचं नाही, बोली लावणाऱ्यानं ठरवायचं, हा या पद्धतीतला दोष आहे आणि मी तो झाकणार नाही. पण मंडीत आणि इथे एक फरक आहे. इथे बोलीचा पैसा त्या मुलाच्या हातात जातो. आणि चाहत्यानं डोळे मिटले तर हा दोष कमी होणार नाही. उलट, आकड्यापलीकडे खेळाडूला बघणारा कोणी असेल तर तो आमच्यासारखा वहीवालाच. शादलूचंच बघा. २०२४ मध्ये हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं आणि हरियाणा विजेता झाला. २०२५ मध्ये गुजरातनं २ कोटी २३ लाख दिले आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. माणूस तोच, भाव साधारण तोच. बदलले ते त्याच्या शेजारी साखळी धरून उभे राहणारे सहा जण. हे ज्याला दिसतं तो कोणाला वस्तू म्हणेल?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक चाहत्यानं लिलावाआधी आपला अंदाज लिहावा, आणि गावात कबड्डी शिकवणाऱ्यानं तो पोरांकडून लिहून घ्यावा. आमच्या गावात दसऱ्याच्या सुमाराला मातीवर सामने होतात. पूर्वी सगळ्यांना चढाईच करायची असायची. वही सुरू झाल्यापासून दोन पोरं स्वतःहून डाव्या कोपऱ्यात उभी राहतात. घोटा कधी धरायचा, मध्यरक्षकानं पाऊल टाकेपर्यंत कसं थांबायचं, हे ती शादलूचे सामने पुन्हापुन्हा लावून शिकली. त्यांतल्या एकाला परवा विचारलं तर म्हणाला, दादा, ही जागा महाग असते हे वहीतूनच कळलं.

गुरुजींचं अजूनही माझ्याशी एकमत नाही. पण मे २०२५ च्या शेवटी लिलाव होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले, चष्मा लावून माझं पान वाचलं आणि म्हणाले, पेन दे. पुणे शादलूला परत आणणार, असं त्यांनी लिहिलं, आणि पुढे कारण लिहिलं: दहाव्या हंगामात जे सात जण एकत्र जिंकले त्यांतला हाच बाहेर आहे, बाकीचे बहुतेक घरातच आहेत. शादलू गुजरातकडे गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी पलटण दिल्लीकडून २८-३१ अशी अंतिम सामना हरली, तेव्हा गुरुजी रात्री फोनवर अर्धा तास बोलले. ते म्हणत होते, माझं कारण बरोबर होतं. मी म्हणालो, गुरुजी, आपण उद्या पान उघडून बघू. त्यांच्या ओळीखाली त्यांची पूर्ण सही आहे, शाळेच्या हजेरीपटावर असायची तशीच, खाली तारखेसह.